रकाना सात

फॉर्मचा सातवा रकाना : दंशाची वेळ.
तास, दोन ठिपके, मिनिटं.
अंदाज चालणार नाही, सर म्हणाले होते.

चारठाण्याकडून येणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ नसतं.
पोटरीला चऱ्हाट असतं, आवळून आवळून
पाय निळा पडलेला.
ते हळूहळू सोडायचं, आणि विचारायचं, कवा चावलं?

"थ्री फेज आल्ती तवा."
"येलदरीची शेवटली यष्टी गेली, त्याच्या उलसंक मागून."
"सहरीला उठले, चूल पेटवायच्या आधी."
"बारकं दुसऱ्यांदा रडलं तवा."

मी या सगळ्याची मिनिटं करते.
यष्टीचं वेळापत्रक टेबलाच्या काचेखाली आहे,
सहरीचा तक्ता कंपाउंडर खदीरभाईंनी आणून दिला.
वीज मंडळात फोन लावते :
बोरी फीडरला मंगळवारी लाइन किती वाजता सोडली?
तिकडून विचारतात, तक्रार आहे का मॅडम?
नाही, संशोधन आहे.
बराच वेळ कुणी बोलत नाही.

दुसऱ्यांदा रडलेल्या पोराचं मात्र
मिनिटांत काही करता येत नाही.

क्रमांक एकशे बारा.
फॉर्मवर नाव लिहायचं नसतं. विश्वांभर होतं ते.
शिरेतलं दोन मिली रक्त, कोरडी काचेची नळी,
वीस मिनिटं हात लावायचा नाही.
गोठलं तर बरं. पातळ राहिलं
तर घोणशीचं विष आत पोचलेलं.
परभणीच्या या अपघात विभागात
लिफ्ट बंद असते, प्रिंटर बंद असतो,
ही चाचणी कधी बंद पडत नाही.

त्याची आई, सोजरबाई, नळीसमोर स्टुलावर बसली.
मी समजावून सांगायला लागले.
"म्हंजे इरजण लागलं का बघायचं," ती म्हणाली,
"हलवायचं नाय. ठावं हाय मला."
आणि पदर पसरून
पंख्याचा वारा नळीवरून अडवला.
वीस मिनिटं हात तसाच धरून.
फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

वेळ झाली. नळी कलती केली.
रक्त काचेवरून ताकासारखं ओघळलं.
"नाय लागलं."
हे माझ्या आधी तिने सांगितलं.

दहा कुप्या. सहा तासांनी परत नळी. परत ताक.
लघवी चहाच्या रंगाची झाली तेव्हा
डायलिसिससाठी नांदेडला पाठवलं.
शेवटच्या रकान्यात चार चौकोन असतात :
बरा, मृत्यू, न सांगता गेला, पुढे पाठवला.
चौथ्यावर खूण केली की
गाडीचा लाल दिवा फाटकातून वळतो
आणि माझा कागद संपतो.

तीनशे सहा फॉर्म. आलेख काढला.
रात्रीच्या बाजूला टेकडी उभी राहिली.
सर म्हणाले, साप रात्रीच निघतात, यात नवीन काय?
मी आठवडे वेगळे करून दाखवले.
एका आठवड्यात लाइन रात्रीची, तेव्हा टेकडी रात्री.
पुढच्या आठवड्यात दिवसाची, तेव्हा टेकडी बसकी.
सरांनी चष्मा काढला, पुसला,
आणि म्हणाले, नमुना लहान आहे.
तो आहेच लहान.

तिसाव्या दिवशी फोन करायचा असतो.
दिवसा कुणी उचलत नाही, म्हणून रात्री नऊला केला.
"कोण? रक्तवाली ताई का?"
विश्वांभर आहे का?
"हाये की. भाकर खातोय. हपापलाय नुसता."
मी पेनाने पहिला चौकोन भरला, जरा जास्तच दाबून,
मागच्या पानावर उमटला.
काळजी घ्या, म्हणाले, रात्री शेतात जाऊ देऊ नका त्याला.
"छ्या, त्याला कशाला?
आता पाणी द्यायला मीच जाते.
आज अकराला येती लाइन."

बूट आहेत का, विचारलं.
"बॅटरी हाये," ती म्हणाली.

फॉर्म पूर्ण झाला होता, कपाटात गेला.

अकरा वाजले तेव्हा मी खोलीवर जागी होते.
आमच्या गल्लीत काही आलं नाही, काही गेलं नाही.
पंखा आधीपासूनच फिरत होता.
मी उठून तो बंद केला.